किंग्स्टनमध्ये डबच्या मागावर

बुधवार : पॅरेड आणि ऑरेंज स्ट्रीट

जमैकाच्या राजधानीचा, किंग्स्टनचा, नॉर्मन मॅनली विमानतळ पॅलिसेडोज नावाच्या लांबट, चिंचोळ्या पट्टीवर आहे. टॅक्सी शहराकडे निघाली की एका हाताला बंदराचं संथ पाणी, दुसऱ्या हाताला उघडा समुद्र आणि समोर शहरामागे ब्ल्यू माउंटन्सची रांग. भारतातून येताना बहुधा लंडन किंवा अमेरिकेत विमान बदलावं लागतं. तिथल्या ट्रान्झिट व्हिसाचं तिकिटाआधी बघून घ्यावं, बाकी प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. घड्याळ भारतापेक्षा साडेदहा तास मागे. फेब्रुवारीत दुपारी तीसच्या आसपास तापमान, पण समुद्राचा वारा असल्याने घामाच्या धारा लागत नाहीत.

किंग्स्टनला येणारे बरेचसे रेगेप्रेमी, म्हणजे बॉब मार्लीने जगभर नेलेल्या जमैकन संगीताचे चाहते, होप रोडवरच्या ५६ नंबरच्या घरी, म्हणजे बॉब मार्ली म्युझियममध्ये, दोन तास घालवतात आणि उत्तरेच्या किनाऱ्याकडे निघून जातात. डब, म्हणजे रेगेचाच एक फाटा, ऐकणाऱ्यांचा नकाशा वेगळा. तयार गाण्यातून गायकाचा आवाज काढायचा, ड्रम आणि बास पुढे आणायचे, गिटारचा एखादा फटका एकोमध्ये, म्हणजे प्रतिध्वनीत, सोडून द्यायचा आणि मध्ये जी मोकळी जागा पडते तिचंच संगीत करायचं, हा प्रकार १९६८ नंतरच्या दहा-बारा वर्षांत याच शहरात आकाराला आला. तो घडवणाऱ्यांत वादक होतेच, पण दारूचे दुकानदार, रेकॉर्डविक्रेते आणि रेडिओ दुरुस्त करणारे काकणभर जास्त होते. म्हणून इथे बघायच्या त्या गल्ल्या, दुकानांचे वरचे मजले आणि राहत्या घरांच्या पुढच्या खोल्या.

सुरुवात पॅरेडपासून करावी. सेंट विल्यम ग्रँट पार्कच्या चारही बाजूंनी बस, शेअर टॅक्सी, कपड्यांचे ढीग, मोबाइलची कव्हरं आणि प्रत्येक गाळ्याचा स्वतंत्र स्पीकर. उत्तरेच्या बाजूला १७, नॉर्थ पॅरेड हा पत्ता म्हणजे रँडीज. खाली चिन कुटुंबाचं रेकॉर्डचं दुकान होतं आणि वर ‘स्टुडिओ १७’. इथला इंजिनियर एरल थॉम्पसन. ऑगस्टस पाब्लोने मेलोडिका, म्हणजे तोंडाने फुंकून वाजवायची छोटी पेटी, घेऊन ‘जावा’ हे वाद्यगीत इथेच ध्वनिमुद्रित केलं. क्लाइव्ह चिन आणि थॉम्पसन यांनी पुढे १९७३ मध्ये त्याचाच धागा धरून ‘जावा जावा जावा जावा’ हा डबचा अख्खा अल्बम काढला. डबचा पहिला अल्बम कोणता यावर रेकॉर्डच्या दुकानात वाद घालायचा असेल तर हा एक उमेदवार. दुसरा हर्मन चिन-लॉयचा ‘अक्वेरियस डब’, तिसरा ली पेरीचा ‘ब्लॅकबोर्ड जंगल डब’; दोघेही निर्माते. निकाल लागत नाही, पण दुकानदार खूश होतो आणि काउंटरखालचं खोकं बाहेर येतं.

पॅरेडपासून वर जाणारा रस्ता म्हणजे ऑरेंज स्ट्रीट. एके काळी इथे दुकानांची अशी रांग होती की नवी रेकॉर्ड चालेल की नाही ते फुटपाथवरच कळायचं: दाराशी स्पीकर लावायचा, थांबतात किती ते मोजायचे. १२७ नंबरला गायक-निर्माता प्रिन्स बस्टरचं दुकान होतं. १३५ नंबरला पाब्लोने थाटलेलं रॉकर्स इंटरनॅशनल. आत भिंतीभर सात इंची रेकॉर्ड्स आणि ऐकवण्यासाठी एक टर्नटेबल. काय हवंय ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. ‘डब’ एवढंच म्हणून चालत नाही; गायक, निर्माता किंवा रिदम सांगावा. रिदम म्हणजे बास आणि ड्रमची ती मूळ चाल, जिच्यावर पाच-पन्नास वेगवेगळी गाणी बांधलेली असतात. नाव सांगितलं की काउंटरमागचे गृहस्थ मागे न बघता हात घालतात आणि बरोबर तीच रेकॉर्ड काढतात.

घेताना काय बघायचं ते इथेच सांगून टाकतो. जमैकन सात इंचीला मध्ये मोठं भोक असतं, साधारण ३८ मिलिमीटरचं, म्हणून ॲडॅप्टर लागतो. आपल्याकडे तो सहज मिळत नाही, इथूनच दोन-तीन घ्यावेत. रेकॉर्ड डोळ्याच्या रेषेत धरून वाकली आहे का ते बघावं. टर्नटेबलवर ठेवल्यावर सुईचा हात डावी-उजवीकडे झुलत असेल तर भोक मध्यभागी नाही. अशा रेकॉर्डमध्ये लांबलेले सूर लाटेसारखे वरखाली होतात आणि त्यावर सोपा इलाज नाही. नवीकोरी रेकॉर्डही थोडी खरखरते, कारण पुन्हा वितळवलेला माल वापरलेला असू शकतो. लेबल कोरं असेल किंवा चुकीचं छापलेलं असेल तर घाबरू नये. ऐकल्याशिवाय मात्र एकही घेऊ नये. पैसे रोख, सुट्ट्या नोटांत.

पोटपूजा चालता चालता: कोको ब्रेडमध्ये घातलेली पॅटी. पिवळं खुसखुशीत कवच, आत तिखट सारण, बाहेर गोडसर पाव. बीफ, चिकन आणि बहुतेक ठिकाणी भाजीची पॅटीही मिळते. शाकाहारी मंडळींनी विचारून घ्यावं आणि पहिला घास सावकाश घ्यावा, स्कॉच बॉनेट मिरचीची ओळख तिथेच होते.

गुरुवार : बाँड स्ट्रीट, मग क्रिकेट

सकाळी अॅकी आणि सॉल्टफिश. अॅकी हे फळ; उकडून परतलं की दिसायला अंड्याच्या भुर्जीच्या जवळ जातं. सोबत कॅलालू, जो दुसरातिसरा कोणी नसून माठाच्या कुळातली पालेभाजी आहे.

३३, बाँड स्ट्रीट. ड्यूक रीड हा पूर्वाश्रमीचा पोलीस. त्याचं खाली दारूचं दुकान होतं आणि वर ट्रेझर आयल स्टुडिओ. इमारत रस्त्यावरूनच बघायची. पण डबचा उगम दाखवायचा तर बोट इथेच ठेवावं लागतं.

स्पॅनिश टाउनला रूडी रेडवुड नावाचा साउंड सिस्टिमवाला होता. साउंड सिस्टिम म्हणजे कपाटाएवढे स्पीकर, ॲम्प्लिफायर आणि टर्नटेबल घेऊन मोकळ्या जागेत नाच भरवणारी मंडळी. प्रत्येकाला दुसऱ्याकडे नसलेलं गाणं हवं असे. ते डबप्लेटवर मिळे: ॲल्युमिनियमच्या चकतीवर लॅकरचा थर, त्यावर लेथने थेट खाच पाडायची. ही चकती मऊ असते. काही डझन वेळा वाजली की वरचे स्वर झिजतात आणि झांजेच्या जागी नुसती खरखर उरते. पण नाच जिंकायला तेवढं आयुष्य पुरे.

१९६८ च्या सुमारास रेडवुडसाठी द पॅरागॉन्स या गायकगटाच्या ‘ऑन द बीच’ची अशी चकती कापताना इंजिनियर बायरन स्मिथने गायनाचा ट्रॅक आत घेतलाच नाही. नुसतं वादन. रेडवुडने ती तशीच नेली. आधी गाणं लावलं, लगेच मागून ही बिनआवाजाची चकती, आणि जमलेल्या लोकांनी पोकळी स्वतः गाऊन भरली. निर्माता बनी ली याने हे पाहिलं आणि बातमी किंग टबीपर्यंत नेली, जो तेव्हा ट्रेझर आयलसाठीच चकत्या कापत असे.

कल्पना इतक्या झपाट्याने का पसरली, याचं उत्तर हिशेबात आहे. सात इंचीच्या मागच्या बाजूला दुसरं गाणं द्यायचं म्हणजे गायक, वादक, स्टुडिओचे तास, सगळ्याचे पैसे पुन्हा. त्याच गाण्याचं वादन छापलं की खर्च जवळपास शून्य. शिवाय रेडिओवाला चुकून मागची बाजू वाजवत बसेल ही धास्ती उरली नाही. त्या बाजूवर ‘व्हर्जन’ एवढंच छापलं जाऊ लागलं. रिकाम्या व्हर्जनवर साउंड सिस्टिमचे डीजे माइक घेऊन बोलू लागले. टबीच्या होमटाउन हाय-फायवर हे काम यू-रॉय करायचा. १९७० मध्ये ड्यूक रीडने त्याला ट्रेझर आयलच्या जुन्या रिदमवर रेकॉर्ड केलं आणि त्या रेकॉर्ड्स जमैकाच्या यादीत थेट वर गेल्या. म्हणजे एकाच मोकळ्या जागेला दोन वाटा फुटल्या. एकीने ती जागा बोलून भरली, तिच्याकडे रॅपचं खातं जातं. दुसरीने ती आणखी मोकळी केली, तो डब.

दुपारी साउथ कॅम्प रोड. अल्फा बॉइज स्कूल, ननांनी चालवलेली अनाथ आणि वाट चुकलेल्या मुलांची शाळा, इथल्या बँडमधून टॉमी मकूक, डॉन ड्रमंड, रिको रॉड्रिग्ज असे वादक बाहेर पडले. मकूक पुढे ट्रेझर आयलच्या सुपरसॉनिक्स या बँडचा म्होरक्या. सकाळी ज्या इमारतीसमोर उभं राहिलो, तिथल्या रेकॉर्ड्समधला सॅक्सोफोन या वर्गांत शिकलेला होता.

त्याच रस्त्यावर सबिना पार्क. मराठी माणसाने इथे पाच मिनिटं थांबलंच पाहिजे. १९७१ च्या फेब्रुवारीत याच मैदानात दिलीप सरदेसाईंनी २१२ धावा काढल्या, एकनाथ सोलकरने दुसरी बाजू लावून धरली. पहिला दिवस पावसात गेला असल्याने दीडशेच्या आघाडीवरही फॉलोऑन लादता येतो, हे वाडेकरांनी सोबर्सना ऐकवलं. आघाडी १७० ची होती. फाटकावरच्या रखवालदाराला सरदेसाई ठाऊक नव्हते, गावसकर मात्र पक्के ठाऊक होते. त्या सामन्यात गावसकर नव्हतेच, हे सांगूनही त्याचा विश्वास बसेना.

शुक्रवार : वॉटरहाउस

सहलीचा खरा दिवस हा. वॉटरहाउस शहराच्या वायव्येला आहे आणि वस्ती गरीब, अधूनमधून तणावाची. तिथे एकट्याने, नकाशा हातात धरून जाऊ नये. वस्तीतल्याच कुणाला सोबत घ्यावं, सकाळी जावं, दुपार कलायच्या आत निघावं. हॉटेलमधून ओळखीचा ड्रायव्हर मागितला तर मिळतो; आमचा ड्रायव्हर याच भागात वाढलेला, त्यामुळे दर दोन घरांमागे गाडी थांबत होती आणि चौकशा होत होत्या. फोटो विचारून काढावेत. घराचा फोटो म्हणजे कुणाच्या तरी अंगणाचा फोटो, हे लक्षात ठेवलं की पुरे.

१८, ड्रॉमिली अव्हेन्यू. ऑसबर्न रडक ऊर्फ किंग टबी (जन्म १९४१) याने आपल्या घराच्या पुढच्या भागात थाटलेला स्टुडिओ. बघायला गेलं तर काही नाही, फाटक आणि बैठं घर. अख्खा बँड मावेल एवढी जागा इथे नव्हतीच, आणि डबच्या दृष्टीने तेच महत्त्वाचं. वाजवणं दुसरीकडे व्हायचं, रँडीज, चॅनल वन, डायनॅमिक अशा मोठ्या स्टुडिओंत. इथे यायची ती टेपची रिळं. टबी वाद्य वाजवणारा नव्हता. ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारा, ॲम्प्लिफायर बांधणारा, दुरुस्तीवाला होता. पुढे ‘सायंटिस्ट’ या नावाने गाजलेला होपटन ब्राउन त्याच्याकडे पहिल्यांदा आला तो ट्रान्सफॉर्मर घ्यायला.

डायनॅमिक साउंड्सने मोठी यंत्रणा आणली तेव्हा त्यांचा जुना चार ट्रॅकचा एमसीआय कंपनीचा मिक्सर टबीकडे आला. बनी लीने व्यवहार जुळवून दिला. हा मिक्सर आता सिएटलच्या संग्रहालयात आहे, किंग्स्टनमध्ये शोधू नये. त्यावर एक मोठं बटण होतं: हाय-पास फिल्टर. ठरावीक वारंवारितेच्या खालचं सगळं कापून टाकायचं आणि ती मर्यादा टप्प्याटप्प्याने वर न्यायची, ७० हर्ट्झपासून साडेसात हजारांपर्यंत. बटण फिरवलं की आधी बासचा तळ जातो, मग बास पूर्ण, मग ड्रमचं अंग, शेवटी फक्त झांजेचं ‘त्स-त्स’ उरतं. फिरवणं सलग नव्हतं, टप्प्यांचं होतं, म्हणून आवाज घसरत नाही तर पायऱ्या चढतो. टबीचे डब या एका खुणेवरून ओळखू येतात. १९७४ च्या सुमारास बनी लीच्या रेकॉर्ड्सवर ड्रमर सांता डेव्हिस उघडी हाय-हॅट, म्हणजे ड्रमसेटमधली झांजांची जोडी, वाजवू लागला, तेव्हा या बटणाला मनासारखं खाद्य मिळालं.

स्टुडिओपासून जवळच एका शेडमध्ये ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. टेबलावर उघडी पडलेली चेसिस, सोल्डरचा वास, भिंतीला लटकलेले स्पीकरचे कोन. मालक साठीचे. ड्रायव्हरने ओळख करून दिल्यावर त्यांनी फळीवरून एक पत्र्याची पेटी काढली, हातभर लांब. आत दोन बारीक स्प्रिंगा ताणलेल्या: स्प्रिंग रिव्हर्ब. एका टोकाला कॉइल स्प्रिंग हलवते, लाट दुसऱ्या टोकाला जाऊन परतते, तिथली कॉइल ती पकडते आणि कोरड्या आवाजामागे दालन उभं राहतं. टबीकडे अशाच तत्त्वावर चालणारा फिशर कंपनीचा स्पेस एक्स्पांडर होता. मालकांनी पेटी ॲम्प्लिफायरला जोडली आणि पत्र्यावर टिचकी मारली. शेडमध्ये ढग गडगडला. डबमध्ये मधूनच येणारा तो गडगडाट म्हणजे बहुतेक वेळा कुणीतरी पेटीला मारलेला धक्का. मग त्यांनी पेटी सरकवत ट्रान्सफॉर्मरशेजारी नेली आणि जाड गुणगुण सुरू झाली. टोकं उलटी केल्याबरोबर ती जवळजवळ गेली. आवाज पकडणारी कॉइल ट्रान्सफॉर्मरपासून लांबच्या बाजूला हवी. घरी स्प्रिंग रिव्हर्ब बसवणाऱ्याने हे एक पथ्य पाळलं तर निम्म्या तक्रारी मिटतात.

एकोचं गणितही तिथेच कागदावर झालं. टेप मशीनमध्ये आधी रेकॉर्ड हेड, थोड्या अंतरावर प्ले हेड. नुकतं रेकॉर्ड झालेलं प्ले हेडपाशी पोचायला लागणारा वेळ म्हणजे एकोचा उशीर. हेडमधलं अंतर दोन इंच धरलं आणि टेप सेकंदाला साडेसात इंच धावत असेल तर उशीर ०.२६७ सेकंद. रेगेची लय मिनिटाला ७५ ठोक्यांची असेल तर एक ठोका ०.८ सेकंदांचा. म्हणजे एको बरोबर ठोक्याच्या एक तृतीयांशावर पडतो आणि चौपदरी चालीवर तिप्पट लयीची झालर लागते. टेप सेकंदाला पंधरा इंच धावली तर उशीर निम्मा, ०.१३३, जो आवाजाला लगटून येणारा झटपट पडसाद वाटतो.

यात जमैकाची एक खास अडचण आहे. इथली वीज ११० व्होल्टची, अमेरिकेसारखी, पण वारंवारिता ५० हर्ट्झ, आपल्यासारखी. सिंक्रोनस मोटर वारंवारितेवर धावते. अमेरिकेतून ६० हर्ट्झसाठी बनवलेलं मशीन इथे तसंच लावलं तर वेग पाच षष्ठांश होतो: साडेसातचे सव्वासहा इंच. ०.२६७ चा एको ०.३२ वर जातो आणि लय सुटते. दुसऱ्या स्टुडिओत योग्य वेगाने भरलेली टेप त्यावर लावली तर सगळं गाणं षड्ज ते कोमल गंधार एवढ्या अंतराने खाली उतरतं. उपाय: मोटरवरची पुली वीस टक्क्यांनी मोठ्या व्यासाची लावायची, किंवा ५० हर्ट्झचंच मशीन शोधायचं. जिथे मशीन बसवण्यापासून असे प्रश्न येतात, तिथे दुरुस्तीवाला संगीतकार होतो यात नवल नाही.

आता प्रत्यक्ष डब. चार ट्रॅक: ढोबळमानाने ड्रम, बास, गिटार-कीबोर्ड-ब्रास मिळून एक, आणि गायन. चारही मिक्सरवर आणायचे आणि गाणं चालू असताना, एका दमात, उघडझाप करायची. सुरुवातीला गायकाची एखादी ओळ येऊ द्यायची, शेवटच्या शब्दावर एको उघडून ट्रॅक बंद करायचा. ड्रम आणि बास चालू. गिटारचा फटका चौथ्या-पाचव्या चक्रात एकदाच, तोही एकोत बुडवून. बास काढायचा असेल तर आवर्तनाच्या शेवटी काढायचा, म्हणजे परत येताना जमीन पायाखाली येते. एकोचा परतीचा आवाज वेगळ्या चॅनेलवर घ्यायचा आणि तो थोडा थोडा पुन्हा एकोलाच पाठवायचा. प्रत्येक फेरीत आवाज कमी परतला तर विरतो, बरोबरीने परतला तर चालूच राहतो, जास्त परतला तर काही सेकंदांत किंचाळी. हात किंचाळीच्या अलीकडे आणून मागे घेणं ही यातली कमाई.

बिघडतं ते ठरलेल्या जागी. बास एकोला पाठवला की दोन आवर्तनांत चिखल; म्हणून एकोला स्नेअर, गिटार, गळ्याचे तुकडे एवढंच द्यावं आणि एकोच्या आधी खालचे स्वर कापावेत. दर फेरीला टेपवरचे वरचे स्वर कमी होतात आणि हिस, म्हणजे टेपची सळसळ, वाढतो. थोडं हवंहवंसं वाटतं, फार झालं की घोंगडं पांघरल्यासारखा आवाज येतो. गायन बंद केलं तरी दूरवर कुणी गातंय असं ऐकू येतं, ते भूत नव्हे: मूळ ध्वनिमुद्रणात गायकाचा आवाज ड्रमच्या माइकमध्ये शिरलेला असतो. टबीने ते लपवलं नाही, उलट राहू दिलं.

आजच्या संगणकावर चार स्टेम्स, म्हणजे सुटे ट्रॅक, घेऊन हे करून बघता येतं, पण माउसने रेषा आखून केलेला डब ताबडतोब ओळखू येतो. फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करणारी मिक्सरवरची सरकती पट्टी, हाताखाली हवा आणि मागे घेण्याची सोय नको. टबी एकाच रिदमचे अनेक मिक्स लागोपाठ करायचा, प्रत्येक साउंड सिस्टिमसाठी वेगळा, आणि दोन मिक्स सारखे येत नसत. पाब्लोसाठी त्याने जेकब मिलरच्या ‘बेबी आय लव्ह यू सो’चा केलेला डब ‘किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाउन’ म्हणून प्रसिद्ध आहे. डब म्हणजे काय हे कुणाला एका रेकॉर्डमध्ये दाखवायचं असेल तर आजही तीच लावावी, शक्य तर आधी मिलरचं गाणं ऐकवून. मूळ गाणं कानात नसेल तर डबमध्ये काय काढून टाकलंय ते कळणार कसं? डब आवडत नाही म्हणणाऱ्या निम्म्या लोकांचं घोडं इथेच अडतं.

जवळच सेंट लुशिया रोडवर किंग जॅमीचा स्टुडिओ. लॉइड जेम्स ऊर्फ जॅमी टबीच्याच हाताखाली तयार झाला. १९८५ मध्ये त्याने कॅसिओ एमटी-४० या छोट्या कीबोर्डमधल्या तयार ठेक्यावर वेन स्मिथचं ‘अंडर मी स्लेंग टेंग’ काढलं आणि चार ट्रॅक, बँड, टेप या सगळ्या व्यवस्थेचे दिवस भरले. तो ठेका जपानमध्ये ओकुडा हिरोको यांनी बनवलेला होता. टबीने स्वतःही संगणकी वळण घेतलं. ६ फेब्रुवारी १९८९ ला स्टुडिओतून डुहेनी पार्कच्या घरी पोचल्यावर घरासमोर त्याला गोळी घालण्यात आली. सहा फेब्रुवारी हा मार्लीचा जन्मदिवस, त्यामुळे दरवर्षी त्या दिवशी शहरभर कार्यक्रम असतात आणि टबीची आठवण काढणारे थोडे.

जेवण रस्त्याकडेच्या खानावळीत, करी गोट. १८४५ पासून आलेल्या भारतीय मजुरांचा हा वारसा. बाईंनी तेल तापवून मसाल्याची पूड आधी त्यात करपण्याच्या बेताला आणली, आपल्या फोडणीसारखी, मग हाडांसकट बारीक तुकडे केलेलं बोकडाचं मटण. हळद भरपूर, ऑलस्पाइस, आणि अख्खी मिरची न फोडता वर तरंगत ठेवलेली. आम्ही कुठले हे कळल्यावर बाईंनी ताट पुढे केलं आणि चव बरोबर आहे का, असं विचारलं. बरोबर होती, फक्त आलं-लसूण आपल्यापेक्षा हात राखून. शाकाहारींसाठी: ‘राइस अँड पीज’ म्हणजे नारळाच्या दुधातला राजमा-भात, पण त्यात कधीकधी खारवलेलं मांस असतं, विचारावं. रास्ताफारी या इथल्या धर्मपंथातल्या लोकांचं ‘आयटल’, म्हणजे बहुधा शाकाहारी आणि बिनमिठाचं, खाणं सगळ्यात सुरक्षित.

शनिवार : धावतं

मॅक्सफील्ड अव्हेन्यूवर २९ नंबर, एके काळचा चॅनल वन स्टुडिओ. हूकिम बंधूंचा मूळ धंदा ज्यूकबॉक्स आणि जुगाराच्या मशीनचा. स्लाय डनबारचे कडक ड्रम इथले. गाडीतूनच बघितलं. ब्रेंटफर्ड रोडचं नाव आता स्टुडिओ वन बुलेवार्ड; ज्याच्यावरून ते पडलं तो स्टुडिओ वनही बाहेरूनच बघितला.

वॉशिंग्टन गार्डन्स हा भाग मध्यमवर्गीय, शांत. ली पेरीने १९७३ च्या अखेरीस घराच्या परसात ब्लॅक आर्क हा स्टुडिओ बांधला. पुढे तो आगीत गेला. पेरीची गंमत टबीच्या अगदी उलट. त्याच्याकडेही चारच ट्रॅक, टिॲकचं मशीन. चार भरले की त्यांचं मिश्रण एका-दोन ट्रॅकवर ओतायचं, मोकळ्या झालेल्या जागी पुन्हा थर. प्रत्येक ओतणीत हिस चढतो, कडा बोथट होतात. ब्लॅक आर्कचा तो पाण्याखालचा, धुकट आवाज निम्मा यातून आणि निम्मा रोलँड स्पेस एको हे टेप-एकोचं यंत्र आणि आवाजाला हिंदोळे देणारा म्यु-ट्रॉन फेझर यांतून आला. टबी काढत जातो, पेरी भरत जातो. दोन्ही आवडतात असं म्हणणारे पुष्कळ, पण रात्री एकट्याने ऐकायचं तर टबी, हे आमचं मत.

संध्याकाळी हेलशरचा किनारा. वाळू बरीच वाहून गेली आहे, टपऱ्या पाण्याला टेकल्यात. मासा बर्फातून आपण निवडायचा, वजन आणि भाव आधी ठरवायचा, तळल्यावर नाही. वर व्हिनेगरमधला कांदा-गाजर-मिरची, सोबत फेस्टिव्हल, म्हणजे मक्याचं गोडसर तळण, आणि कसाव्याची बॅमी. अचानक सर आली, टपरीच्या पत्र्याखाली सगळे एकत्र आणि टेबलांची सरमिसळ.

रविवार : डब क्लब

दिवस झोपेचा. रात्री जॅक्स हिल, स्कायलाइन ड्राइव्ह, किंग्स्टन डब क्लब. निघण्याआधी कार्यक्रम आहे की नाही ते त्या दिवशीच विचारून घ्यावं. चढाचा वळणांचा रस्ता. येण्या-जाण्याचं टॅक्सीवाल्याशी आधीच ठरवावं, वर उभं राहून गाडी मिळत नाही. खालच्या शहरापेक्षा गारवा, पातळ जॅकेट हवं. नऊच्या आधी पोचलात तर वायरी जोडताना बघायला मिळतं, आणि ते बघण्यासारखं असतं.

तळाला मोठे बासचे खोके, वर मधल्या स्वरांचे, सगळ्यात वर ट्वीटर. प्रत्येक पट्ट्याला वेगळा ॲम्प्लिफायर. आवाज आधी प्रीॲम्पमध्ये येतो, तिथे बास, मिड, ट्रेबल प्रत्येकी एका झटक्यात बंद करण्याची सोय, शेजारी एको आणि सायरन. टबीने मिक्सरवर केलं तेच इथे तयार रेकॉर्डवर पुन्हा होतं. टर्नटेबल एकच. दोन रेकॉर्ड्समध्ये शांतता पडते आणि ती भरायला माइकवर बोलणं. लोकांनी ओरडून मागितलं की सुई उचलून तीच रेकॉर्ड पुन्हा पहिल्यापासून.

उभं कुठे राहायचं? स्पीकरला चिकटून नाही. खालच्या स्वरांच्या लाटा लांब असतात. ५० हर्ट्झची लाट सुमारे सात मीटर. भिंतीपाशी बास फुगतो, काही जागी पार गायब होतो. दहा-बारा पावलं मागे जाऊन इकडेतिकडे सरकत जागा शोधावी. कानात इअरप्लग घालावेत. बास तसाही छातीतून कळतो, प्लगने फक्त वरची धार कमी होते. आयटल स्टू खोबऱ्याच्या वाटीत मिळाला, मीठ नसूनही चव भरपूर. शेजारी बर्लिनहून आलेलं जोडपं, त्यांच्यापलीकडे वस्तीतल्या तीन आज्या खुर्च्या टाकून बसलेल्या. जुन्या व्हर्जनला त्या वगळलेलं गाणं मोठ्याने म्हणत होत्या, एकही शब्द न चुकता.

इतक्या लांब येणं जमत नसेल तर गोव्यात २०१६ पासून सुरू झालेल्या गोवा सनस्प्लॅश या रेगे महोत्सवाकडे लक्ष ठेवावं, तिथे साउंड सिस्टिम ऐकायला मिळते.

सोमवार : बांधाबांध

रेकॉर्ड्स चेक-इनच्या बॅगेत टाकू नयेत. सात इंचीचा गठ्ठा दोन्ही बाजूंनी जाड पुठ्ठा लावून, उभा, हातातल्या बॅगेत. एक्स-रेने व्हिनाइलला काही होत नाही. उन्हात बंद गाडीच्या मागच्या काचेशी अर्धा तास ठेवलं तर मात्र ती ताटलीसारखी वाकते. जुना ॲम्प्लिफायर घ्यायचा मोह झालाच तर भारतात २३० चे ११० करणारा ट्रान्सफॉर्मर लागेल, वॅटेजमध्ये ॲम्प्लिफायरच्या दीडपट. वारंवारिता दोन्हीकडे ५० असल्याने त्याची काळजी नको. अमेरिकेतून आणलेल्या टेप मशीनची किंवा टर्नटेबलची मोटर मात्र आधी तपासा, नाहीतर टबी कोमल गंधाराइतका खाली ऐकू येईल.